कुशीवर पाजताना

वाटूर,
१८ नोव्हेंबर

ती. आईंना,
शीतलचा नमस्कार. वाकायला सिझरचे टाके देत नाहीत, तेव्हा कागदावरच मानून घ्या.

इकडे माहेरी सगळे बरे. कापूस वेचणी चालू आहे, आई-दादा दिवसभर रानात. मामंजींचा खोकला थांबला का? पत्र बघून हसाल, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अर्धं शहागड ऐकतं. हे तुम्ही एकट्यानंच वाचा.

तुम्ही रोज विचारता, बसून पाजतेस ना? मी हो म्हणते. ते खोटं आहे, आई. मांडी घातली की टाके ओढतात, आणि पोरीची लाथ बरोबर तिथंच बसते. मी आखडते, तिच्या तोंडातून सुटतं, ती रडते, मग मीही. उशी घेतली, भिंतीला टेकले, मांडीवर गोधडीची घडी ठेवली. काही जमेना. पोरीचं वजन घटलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर वरचं दूध द्यावं लागेल. शेवटी पाठीला लोड लावून कुशीवर झाले, तिला समोर घेतलं, आणि बाईसाहेब गटागटा प्यायला लागल्या. तेव्हापासून झोपूनच पाजते. वजन चढतंय.

दवाखान्यातून निघताना तुम्ही म्हणालात, "कायबी कर, पण झोपून पाजू नको. न्हाई जमलं तर बाटली दे." आणि तिला हातातही घेतलं नाही. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं. फार राग आला. माझ्या आईपाशी तुम्हाला काय काय बोलले, ते लिहीत नाही.

मग तुमच्या जाऊबाई, मालनकाकू, बाळाला बघायला आल्या. त्यांच्याकडून कळलं. कल्याणच्या जन्माआधी तुम्हाला एक मुलगी होती. थंडीत तिला कुशीत घेऊन पाजताना तुमचा डोळा लागला, आणि उठून पाहता तर ती गेलेली. कल्याणला हे माहीत नाही. माझ्याकडून कळणारही नाही. तेव्हा मला तुमचं वाईट वाटलं, पण पाजत राहिले झोपूनच. मला वाटलं, मी सावध आहे.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तिचं तोंड माझ्या अंगाखाली दबलेलं होतं. ओढून काढलं, तर ती हललीच नाही. हलवलं, तेव्हा कुठं टाहो फोडला. डॉक्टरांना दाखवली, ठीक आहे ती. मी ठीक नाही.

आता तिला जवळ घ्यायची भीती वाटते. बसून जमत नाही, झोपून धीर होत नाही, आणि ती भुकेनं मूठ चोखतेय. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणेल, सगळ्या बाया अशाच पाजतात. तुम्ही असं म्हणणार नाही.

बारशाची वाट पाहू नका. दादा हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याबरोबरच निघा. मी कुशीवर पाजीन, तुम्ही शेजारी बसा. तुम्हाला ते पाहवणार नाही, हे कळतं मला. तरी मागते आहे. शेजारी बसून जिचा डोळा लागणार नाही, अशी बाई मला तुम्ही एकच माहीत आहात.

तुमच्या नातीला घेऊन दाराकडे बघत बसलेली,
शीतल