अकरा मेमो

ऊर्जानगर,
मंगळवार, दुपार

प्रिय दीपाली,

पाकिटावरचं अक्षर पाहून हे पत्र कमरबाईचं आहे हे तुला कळलं असेलच. तरीही तू ते फोडलंस, म्हणून आधी आभार. फोन करता आला असता. पण फोनवर तू गप्प राहिली असतीस, तर मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले असते. लिहिताना निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे.

इकडची हकिगत आधी सांगते. टाइम ऑफिसात, आपल्या हजेरीच्या खोलीत, आता मी एकटी आहे. आपल्या चार टेबलांपैकी दोन उचलून नेली. तुझं राहिलं, कारण त्याचा एक पाय आखूड आहे. इतवारीभाऊ गेल्या दिवाळीपासून घरीच असतात. दिनेश नागपूरला गेला. पहिल्या महिन्यात त्याचे दोन फोन आले, मग बंद झाले, आणि मीही केला नाही. वीज केंद्राच्या गेटवरची मशीन चेहरा पाहून हजेरी लावते, पण कोळशाच्या पट्ट्यावरून पाळी संपवून आलेल्या माणसाचा चेहरा तिला कळत नाही. असे रोज वीस-पंचवीस निघतात. त्यांना नळावर तोंड धुवायला पाठवायचं, आणि तरी मशीनने नाहीच ओळखलं तर नाव हाताने लिहायचं, एवढंच माझं काम. परवा एक जण म्हणाला, "बाई, घरी बायको ओयखते मले, ह्या मशीनले काऊन नाई ओयखू येत?" मला हसू आलं, आणि हे कुणाला सांगावं म्हणून मी वळले, तर तुझं टेबल होतं.

'आवक-जावक' मी अजून पाहते. दुपारी डबा उघडते, मोबाइल डब्याच्या झाकणाला टेकवते आणि लावते. नवे भाग केव्हाच संपले. जुनेच पुन्हा पुन्हा. घरी आमचे नवाब म्हणतात, "अगं, दिवसभर ऑफिसात बसतेस आणि जेवताना पुन्हा ऑफिसच बघतेस?" त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, एकट्याने काम करणाऱ्या माणसाला ही मालिका कशी समजवावी? एका तालुक्याच्या नगरपालिकेतली टपालाची खोली, सहा माणसं, आणि भागभर काही म्हणता काही घडत नाही. गुळवेसाहेबांचा चष्मा हरवतो. रेकॉर्डरूममध्ये कोंबडी शिरते. पानसेबाई सगळ्यांना मेमो देतात आणि रंजू टायपिस्ट त्या मेमोची पुडी करून त्यात फुटाणे खाते. यात काय आहे, असं मीही स्वतःला अनेकदा विचारलं. डायरीत तर पानं भरली आहेत. विनोद सगळे पाठ झालेत, तेव्हा विनोदासाठी मी पाहत नाही. मी पहिल्या मिनिटासाठी पाहते. ते एकेक जण येतात, पिशवी खुर्चीला अडकवतात, पाणी पितात. मी मोजते. सहाच्या सहा आले की मग मी पहिला घास घेते. आदल्या भागात कितीही भांडण झालेलं असो, कुणी कितीही मोठी चूक केलेली असो, पुढच्या भागात सहाही जण हजर. हजेरीच्या कामात एकवीस वर्षं गेल्यावर माणसाला एवढंच पाहावंसं वाटत असेल का, ते मला ठरवता येत नाही.

तुला आठवतं ना, दिनेशने पहिला भाग लावला तेव्हा तू म्हणालीस, "अरे, हे तं आपलंच ऑफिस व्हय!" आठवड्याभरात सगळ्यांना नावं पडली होती. इतवारीभाऊंना गुळवेसाहेब केलं तेव्हा ते दोन दिवस ऐटीत फिरले. रंजू अर्थातच तू. आणि मी पानसेबाई. वर्गात कधी कुणी मला टोपणनाव दिलं नव्हतं, दीपाली. एम.ए. होईपर्यंत मी पहिल्या बाकावरची, वही कुणाला न देणारी मुलगी होते. पस्तिशी ओलांडल्यावर तुम्ही तिघांनी मला एका हसऱ्या गोष्टीत जागा दिली, याचा मला किती आनंद झाला होता ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

त्या आनंदातच मी पहिला मेमो लिहिला. शनिवार होता. "डब्यातील आंबाडीची भाजी एकटीने संपविल्याबद्दल खुलासा सात दिवसांत सादर करावा." तू तो मोठ्याने वाचलास, इतवारीभाऊंना हसून ठसका लागला, आणि सोमवारी तू सहीनिशी खुलासा दिलास: "भाजी मी खाल्ली नाई. भाजीनंच मले बोलावलं, मी फकत गेली." मग दर शनिवारी तेच सुरू झालं. दिनेशला दोन मिळाले, इतवारीभाऊंना एक. तुला अकरा, कारण तुझ्यासारखा खुलासा कुणी देत नव्हतं. उशिरा आल्याबद्दलच्या मेमोवर तू लिहिलंस की मी बसमध्ये झोपली, कंडक्टरने उठवलं नाही, बससंगं दोनदा चंद्रपूर पाहून आली, आता तिसऱ्यांदा पाहीन तेव्हा एकदमच खुलासा देईन. कामावर झोपल्याबद्दलच्या मेमोवर लिहिलंस, "झोपली नोती. टेबल गरम हाये का थंडा, ते गालानं पाहून राह्यली होती." मे महिना होता. पंखा बंद पडलेला होता. आम्ही सगळ्यांनी मग आपापलं टेबल गालाने पाहिलं.

पानसेबाई कुठलाही कागद जावक क्रमांकाशिवाय हलू देत नाहीत, म्हणून मीही प्रत्येक मेमोला खरा जावक क्रमांक दिला, ऑफिसच्या खऱ्या रजिस्टरमधला. गंमत पुरी व्हावी म्हणून दिला असं मी समजत होते. आता वाटतं, क्रमांक नसलेला कागद मलाच सहन होत नव्हता. विषयाच्या रकान्यात मी "आंबाडी" थोडंच लिहिणार? तिथे मी लिहिलं, "वर्तणुकीबाबत". "उशिराबाबत". "कामावर झोपणेबाबत".

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू ते पाहिलेलं नाहीस. मशीन आली, आणि चारांतला एक कमी करायचा असं ठरलं. साहेबांनी जावक रजिस्टर मागवलं, तुझं नाव अकरा वेळा पाहिलं, आणि त्यातले तीन कागद मागितले. मीच काढून दिले. ते वाचतील आणि हसतील असं मला वाटलं होतं. हे खरं आहे, यावर तू विश्वास ठेवावास अशी माझी अपेक्षा नाही. साहेबांनी कधी 'आवक-जावक' पाहिली नव्हती. त्यांना त्यात उद्धट उत्तरं देणारी एक बाई दिसली. तू आत आलीस, कागद पाहिलेस आणि हसतच म्हणालीस, "साहेब, हे तं गंमत व्हय. कमरबाईलेच विचारा ना." साहेबांनी माझ्याकडे कागद सरकवून विचारलं, "मॅडम, ही सही तुमची?" मी हो म्हणाले. "जावक क्रमांक खरा आहे?" मी हो म्हणाले. त्यांनी तिसरं काही विचारलं नाही. मी थांबले होते. तूही थांबली होतीस, माझ्याकडे पाहत, ओठांवर ते अर्धं हसू तसंच ठेवून, जसं काही शेवटचं वाक्य यायचंच आहे.

दोन्ही उत्तरं खरी होती. मी आयुष्यात फारसं खोटं बोललेले नाही, आणि त्या दिवशीही बोलले नाही. उरलेले आठ मेमो पलीकडच्या कपाटात होते, आंबाडीचा सगळ्यात वर, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. दहा पावलं चालायची होती. पण ऑफिसच्या रजिस्टरात खेळ केला म्हटलं असतं तर चारांतला तो एक कोण ठरला असता हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं होतं. घरच्या अडचणी लिहायला घेतल्या होत्या, या पत्राच्या पहिल्या कागदावर. फाडला. कारणं लिहिली की त्यांचा खुलासा होतो.

त्या दिवशी तू बाहेर आलीस. पिशवी खुर्चीवरून काढलीस. इतवारीभाऊ दारापर्यंत तुझ्यामागे आले, परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी बोलले असते तं." एवढंच. त्यांनी त्यानंतर मोबाइल पाहायला खुर्ची कधी जवळ ओढली नाही.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला तुझा अर्ज आला. धानोऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात लिपिकाची जागा आहे, त्यासाठी अनुभवाचा आणि वर्तणुकीचा दाखला हवा. "मा. महोदय" असा मायना, माझं नाव कुठेच नाही. अक्षर तेच, ट ची शेपटी लांब. मी त्याला आवक क्रमांक दिला. या वेळी मात्र मी दहा पावलं चालले. आठ मेमो, तुझे सगळे खुलासे आणि सोबत माझं लेखी निवेदन, की हे अकराही कागद मी गमतीने लिहिले, त्यांत दीपालीचा काही दोष नाही. साहेब आता नवे आहेत. त्यांनी आंबाडीचा मेमो मोठ्याने वाचला आणि खरोखर हसले. तीन वर्षांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी चष्मा काढून सांगितलं, "मॅडम, मला पटतंय हो. पण हे मेमो खोटे होते असं मी लिहून दिलं तर तिला काढलं तेही चूक ठरतं. ते वरचे लोक लिहून देणार नाहीत." तरी त्यांनी कागद वर पाठवले, एवढं त्यांच्याकडून झालं.

काल उत्तर आलं. म्हणून आज लिहिते आहे. वर्तणुकीचा दाखला देता येत नाही. नुसता अनुभवाचा मागितला तर मिळेल, पण त्यात तीन मेमोंचा उल्लेख राहील. त्याच पाकिटात मलाही एक मेमो आहे, रजिस्टरचा गैरवापर केल्याबद्दल, खुलासा सात दिवसांत. त्याची नोंद मीच केली, आवक रजिस्टरात. तो वाचून तुला समाधान वाटलं तर वाटू दे. मला त्याने काही हलकं वाटलेलं नाही. तुझ्या अर्जाची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे. हे पत्र मी स्पीड पोस्टाने टाकते आहे, पण ऑफिसचं पाकीट सह्या होऊन निघालं तरी त्याआधी पोचणार नाही, आणि पोचलं तरी त्यात तुझ्या कामाचं काही नाही. तेव्हा पोस्टमनची वाट पाहत दारात बसू नकोस. माझं निवेदन सहीनिशी सोबत ठेवलं आहे. वसतिगृहाच्या लोकांना दाखवून बघ. एका कारकून बाईच्या सहीवर ते काही देतील असं मला वाटत नाही. तुझे अकरा खुलासेही परत पाठवते आहे. वर पाठवण्याआधी त्यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या, त्याच आहेत. मूळ कागद मी मागितले, ते मिळाले नाहीत.

तुझीच (हा शब्द दोनदा खोडला, आणि दुसरा सुचला नाही),
कमरजहाँ