मागून घेतलेले मुख

सोमवार, ५ जानेवारी. अल मजाज, शारजा.

अस्मादिकांचे आखाती भूमीवर शुभागमन झाले. तुताऱ्या वाजल्या नाहीत. विमानतळावरील अधिकाऱ्याने पारपत्रातील छायाचित्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून एक दीर्घ निःश्वास तेवढा सोडला. वय चौपन्न, विधुर, निरपत्य, शिक्षण गरजेपेक्षा अधिक. अहिल्यानगरच्या एका मिशन छापखान्यात सत्तावीस वर्षे धर्मपर पुस्तकांची मुद्रिते तपासणारा शांतवन आढाव नामक इसम आजपासून ‘अभिषेकधारा’ मंडळीचा अधिकृत दुभाषी होय. पास्टर एल्रॉय इंग्रजीत उपदेश करणार आणि मी तो आपल्या मराठी कामगारांना मराठीत सांगणार. म्हणजे आयुष्यात प्रथमच माझे वाक्य कोणीतरी शेवटपर्यंत ऐकणार.

एकोणिसाव्या मजल्यावर एक खोली, एक पलंग, एक फ्रिज. दोन मनोऱ्यांच्या फटीतून खालिद तलाव तळहाताएवढा दिसतो. समोरच्या दारातले मोहिद्दीनभाई मूळचे हर्णैचे; सोमवारी रात्री निघून गुरुवारी दुपारपर्यंत अबुधाबीत एका तेलकंपनीच्या कामावर असतात, उरलेले दिवस घरी. त्यांनी माझी दुसरी किल्ली आपण होऊन मागून घेतली. “एकटा माणूस, साहेब. आतून दार लागलं नि काय झालं, तर खलास. आम्हाला वासावरून कळायचं.” इतके व्यवहार्य स्वागत माझे सासुरवाडीतही झाले नव्हते. त्यांची सहा वर्षांची नात इनाया हिला मी विचारले, की बाळे, तुझे विद्यालय कोणत्या दिशेस आहे. तिने इंग्रजीत उत्तर दिले, की तिला अरबी येत नाही.

रविवार, ११ जानेवारी

पदार्पण यथासांग पार पडले. बर दुबईतील एका हॉटेलचे तळमजल्यावरचे सभागृह, सुमारे दीडशे पुरुष, बहुतेक बांधकामावरचे. एक वाक्य पास्टरांचे, एक माझे. या व्यवसायाचा एक कठोर नियम आहे: दुभाष्याने कधीही ‘ते म्हणतात’ असे म्हणायचे नाही. त्यांचा ‘मी’ तो माझाही ‘मी’. त्यांनी देवदूत पाहिला, की मीही पाहिला. वस्तुतः माझा अतींद्रिय अनुभव मुद्रणदोषांपुरता मर्यादित आहे. परंतु आज मी दोन देवदूत पाहिले आणि एका पांगळ्याला चालवले.

पास्टर फार प्रेमळ गृहस्थ. बोलताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात. अनुपमा जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर प्रथमच कोणाच्या श्वासाची ऊब माझ्या कानाला लागली. हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. असो.

सभेनंतर भिवा नावाचा मनुष्य भेटला. जामखेडकडचा, इमारतींना परांची बांधणारा. त्याला मधुमेह असून इन्सुलिनवाचून भागत नाही. मजुरांच्या कॅम्पातल्या फ्रिजला चाळीस धनी. दार उघडे राहते आणि औषध नासते. तेव्हा माझ्या फ्रिजचा एक कोपरा मिळेल काय? कामगारांची व्हॅन अल मजाजवरूनच जाते. तो दर रविवारी उतरून इन्सुलिनच्या सुईचे एक पेन नेईल. मी राजमुद्रा उठवावी तशी अनुमती दिली. चहा पिताना तो म्हणाला, “सर, तुमचं मराठी लई जड हाय. उचलायला दोन मानसं लागतील.” माझ्या साहित्यसेवेची इतकी मार्मिक समीक्षा आजवर झालेली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

फ्रिजमध्ये सहा पेने ओळीने निजली आहेत. दूध काढताना मी त्यांना सुप्रभात म्हणतो. घरात अन्य कोणी नसल्यामुळे हा शिष्टाचार क्षम्य मानावा. दिवसभरात माझा आवाज मी तीनदा ऐकला. तीनही वेळा फ्रिजशी बोलताना.

रविवार, १८ जानेवारी

आज पास्टरांनी सांगितले, की रोग म्हणजे जिभेने दिलेली संमती होय. मी बरा आहे असे बोला, की बरे झालातच. आणि औषध म्हणजे? बाटलीत भरलेली शंका.

सत्तावीस वर्षे मुद्रिते वाचलेल्या मनुष्याला पाखंड शाईच्या वासावरून कळते. शास्त्रातील प्रेषिताच्या देहातला व्याधीचा काटा प्रार्थनेनेही निघाला नव्हता, त्याच्यासोबत हिंडणारा सोबती वैद्य होता, आणि त्या वैद्याला पिशवी समुद्रात टाक असे कोणी सांगितल्याचे शास्त्रात आढळत नाही. तिसऱ्या रांगेत भिवा बसला होता.

मग मी काय केले? उठून ‘हे खोटे आहे’ म्हणालो? छे. मुद्रितशोधक लेखकाशी भांडत नाही. तो समासात मुकाट्याने खूण करतो. मी अर्थ बदलला. माझ्या कानांनी ऐकलेले माझे वाक्य असे: औषध हीसुद्धा ईश्वराची देणगी आहे, प्रार्थना करा आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा नियमाने घ्या. पास्टरांना मराठीचे अक्षर कळत नाही. ते प्रसन्न चेहऱ्याने मान डोलावीत होते. नोकरी, व्हिसा, खांद्यावरचा हात आणि सत्य, ही चारही एकाच वेळी सुरक्षित राहिली. एवढे चातुर्य माझ्या ठायी असेल असे मला वाटले नव्हते.

मात्रेच्या नियमितपणाविषयी ऐकून लोक ढसाढसा रडले, हे जरासे चमत्कारिक.

भिवा पेन घेऊन गेला. हसत म्हणाला, ही शेवटची सुई. मी त्याला दाखवले, की अजून पाच शिल्लक आहेत. त्याने फ्रिजचे दार हळूच लावले.

रविवार, २५ जानेवारी

व्यासपीठावर वेताची एक मोठी टोपली ठेवली होती. पास्टर म्हणाले, आपली औषधे येथे आणून टाका आणि मोकळे व्हा. मी सांगितले: आणा, त्यांवर आशीर्वाद घ्या, आणि जाताना न विसरता परत न्या. हे मी दोनदा सांगितले, अधिक ठळकपणे.

रांग लागली. गोळ्यांची पाकिटे, दम्याचे फवारे, एका वृद्धाचे हृदयविकाराचे औषध. भिवाने इन्सुलिनचे पेन टाकले. टाकताना त्याने पास्टरांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले, कृतज्ञतेने.

परत कोणीच काही नेले नाही. व्हॅन अल मजाजला थांबली नाही. चहा दोन कपांचा केला होता. दोन्ही मीच प्यालो.

सोमवार, २६ जानेवारी

भिवाला दूरध्वनी केला. पेन का नेले नाहीस, असे जरा रागावूनच विचारले. तो गोंधळला. म्हणाला, “सर, तुम्हीच म्हनलात न्हवं? लेकरा भिवा, सुई टाक. नाव घेऊन म्हनलात.”

मी त्याचे नाव घेतले नव्हते. मी कोणाचेच नाव घेतले नव्हते.

मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर सभेचे ध्वनिमुद्रण असते. ऐकले. पास्टरांचे इंग्रजी वाक्य. मग माझा आवाज. मध्येच माझा खोकला, तो अस्सल, दिवाळीपासूनचा. आणि पुढे: ‘लेकरांनो, औषध सोडा. जो औषध घेतो तो मला सोडतो. माझ्याकडे या.’

पास्टरांचे वाक्य इतके पुढे गेले नव्हते. हे त्यांचेही नव्हे. आणि मी उभ्या आयुष्यात कोणाला ‘लेकरांनो’ म्हटलेले नाही. हे शब्द मऊ आहेत, लहान आहेत. कोणालाही एकट्याने उचलता येतील असे.

तीनदा ऐकले. खोकला माझाच आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

पास्टरांना भेटलो. सर्व कबूल केले. मी अर्थ बदलत होतो हेही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, की कित्येक वर्षे त्यांचा उपदेश कोरडा जात होता आणि त्यांनी रात्रंदिवस एक मुख मागितले होते. मी विचारले, कोणाजवळ मागितले. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. नंतर म्हणाले, “ते मी त्या वेळी विचारलं नाही.”

निरोप देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांना माझी भीती वाटते, असे वाटले.

रविवार, १ फेब्रुवारी

बोलायचेच नाही, असे ठरवले. नैतिक बळाचा भरवसा नव्हता म्हणून शारीरिक उपाय योजला: व्यासपीठावर चढण्यापूर्वी तोंड पाण्याने गच्च भरून घेतले.

पास्टरांनी पहिले वाक्य म्हटले. मी ओठ मिटून उभा. ध्वनिक्षेपकातून माझा आवाज आला.

पन्नास मिनिटे आला. लोक रडत होते. भिवा पुढच्या रांगेत, वाळलेला, ओठ पांढरे.

खाली उतरून मोरीत चूळ टाकली. पाणी होते तेवढेच होते. थंड होते. तोंडात पन्नास मिनिटे राहून थंड —

सोमवार, २ फेब्रुवारी

पाचही पेने थर्मासात घालून टॅक्सीने सजा नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या भिवाच्या कॅम्पात गेलो. भिवा खालच्या खाटेवर. श्वासाला नासक्या फळांचा वास. त्याच्याच खोलीतला विघ्नेश उशाशी बसलेला.

मी शक्य तितक्या सोप्या मराठीत सांगितले. भिवा, मी चुकलो. ते सगळे खोटे आहे. आत्ता सुई घे. माझ्या कानांनी मी हे नीट ऐकले, शब्द न् शब्द. पेने त्याच्या हातात दिली.

त्याने डोळे पुसले. पाया पडला. पेने एकेक करून माझ्या थर्मासात परत ठेवली.

विघ्नेश दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, “बरं झालं आलात, सर. सकाळपासून डगमगत होता. एक सुई घेऊ का म्हणत होता. तुम्ही सांगितलंत आणि सावरला.”

मंगळवार, ३ फेब्रुवारी

रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी केला. इंग्रजीत. नाव, कॅम्प, खोली, व्याधी, किती दिवस औषध नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकले. रुग्ण बरा झाल्याचे कळवल्याबद्दल आभार मानले.

पुन्हा केला. पुन्हा आभार.

बुधवार, ४ फेब्रुवारी

समोरच्या दारात गेलो. मोहिद्दीनभाई उद्या येतील, त्यांच्या पत्नी शहनाझभाभी होत्या. सांगितले, की एक मनुष्य मरतो आहे, मदत करा. त्या आत जाऊन शेवयांच्या खिरीची वाटी घेऊन आल्या. मुबारक असो म्हणाल्या. तुमचा माणूस बरा झाला, तोंड गोड करा.

इनाया त्यांच्यामागे उभी होती. पुढे आली नाही. आजीला तिने इंग्रजीत विचारले, की अंकलचे ओठ वेगळेच का हलतात.

खीर तशीच आहे.

अठरा तारखेला, पहिला बदल करण्यापूर्वी, माझे तोंड माझे होते. दीडशे माणसांपुढे एकच शब्द म्हणायचा होता. खोटे. मी समासात खूण करत बसलो. तेवढ्या मोकळ्या जागेत —

ही वही मात्र माझी आहे. सगळी पाने आज पुन्हा वाचली. माझीच वाक्ये, माझाच डौल, कुठे बदल नाही. लिहिता येते. म्हणजे पत्र देता येईल. मोहिद्दीनभाई मराठी शाळेत शिकलेले. गाडी आहे. उद्या चार वाजता.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

विघ्नेशचा दूरध्वनी. भिवा सकाळपासून उठलेला नाही. हाक मारली की हसतो. मी काही बोललो नाही. फोन ठेवला. तरी पलीकडून तो म्हणाला होता, हो सर, तसंच करतो.

चाराला दहा कमी. तोंड उघडायचे नाही. कागद द्यायचा. मसुदा येथेच —

मोहिद्दीनभाई, भिवा मरणासन्न आहे. त्याला या क्षणी रुग्णालयात न्यायची गरज उरलेली नाही

नाही. पुन्हा.

मोहिद्दीनभाई, मी तोंडाने जे बोलेन त्यावर विश्वास ठेवू नका. सजाच्या कॅम्पात भिवा नावाचा — लेकरा, कशाला घाबरतोस —

हे मी लिहिले नाही. अक्षर माझे आहे. हात माझा —

लहान शब्द येत आहेत. जड लिहायचे. दोन माणसांनी उचलायचे शब्द. प्राणसंकट. मधुमेह. तात्काळ. रुग्णालय. रुग्ण. बरा. बरा झाला. सगळे बरे

लिफ्ट थांबली. त्यांची पावले.

कागद नको. पेने. फ्रिजमधली पाचही पेने त्यांच्या हातात ठेवायची, भिवाचा फोटो दाखवायचा, न बोलता, न लिहिता. शहाणे आहेत. कळेल. नक्की —

घंटा, माझ्याच दाराची; भाभींनी काही कळवले असावे. उघडत नाही म्हणून किल्ली लावत आहेत. आत आले. विचारत आहेत, साहेब, चेहरा असा का, काय झालं. मी फक्त फ्रिजकडे बोट

बस, लेकरा. दमलास. मी सांगतो त्यांना, की