सातवी बाटली

३ फेब्रुवारी
सामान लागलं एकदाचं. कपाट दारातून आत जाईना, तेव्हा बायको म्हणाली, राहू दे अंगणात, आपणच त्यात राहू. घर मनासारखं मिळालंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नाल्यापर्यंत उतरणारं अंगण. नाला जवळ असून डास औषधालाही नाहीत, मच्छरदाणी गाठोड्यातच राहिली. पाणी जरा गोडसर लागतं. आमची ठमी, वय वर्षं सहा, राग नाकाच्या शेंड्यावर, पाणी प्यायला एरवी दहा नखरे करते. आज न सांगता दोन पेले प्यायली.

७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत रुजू झालो. शहराच्या सात बोअरचं पाणी महिन्यातून एकदा बाटल्यांत भरायचं, तपासायचं, अहवालावर सही करायची. मामांनी काम दाखवलं. ते कुणाचेच मामा नाहीत, पण वीस वर्षं इथे काढली म्हणून सगळ्यांचे. सहा बोअर फिरून झाले. सातवं एका बंद कारखान्यामागे आहे. कुंपणाची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी जागेवर सापडेल तर शपथ. मामांनी सातवी बाटलीही सहाव्याच नळाखाली धरली. म्हणाले, जमिनीच्या पोटात सगळं एकच पाणी, पूर्वीपासून असंच चालत आलंय. पहिल्याच दिवशी शहाणपणा कशाला पाजळा, म्हणून मी बाटलीवर ‘सात’ची चिठ्ठी डकवली आणि अहवालावर सही केली.

८ मार्च
ठमीने नाल्यातून बेडूक आणलाय. उडी मारत नाही, मागचे पाय ओढत सरकतो. तिने त्याचं नाव आळशी ठेवलं. पळून जात नाही म्हणून तिला फार आवडतो. बायको म्हणाली, बापावर गेलाय. मी हसलो. मग काठावर जाऊन बघितलं, तर आणखी चार होते, सगळे तसेच सरकणारे.
काल मार्चचे नमुने घेतले. सातवी बाटली मी एकट्यानेच भरली, सहाव्यावर. मामा सोबत नव्हते. आता त्यांच्यावर ढकलायची सोय नाही.

१९ मार्च
अंगणातली गांडुळं भर उन्हात वर येऊन मरतात. बायको रोज झाडूने गोळा करते. आळशी मेला. ठमीने त्याला पुरलं आणि वर तांब्याभर पाणी घातलं, तहान लागली तर म्हणून.

२६ मार्च
ठमीच्या पायातून चप्पल निसटते आणि तिला कळत नाही. मोठी झाली असेल म्हणून नवी आणली. तीही निसटते.
आज आंघोळ घालताना तिच्या तळव्यात टाचणी दिसली, डोक्यापर्यंत रुतलेली. कधी रुतली, तिला ठाऊक नाही. दुखत नाही म्हणाली.
डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, पाणी कुठलं पिता. बायकोने कौतुकाने सांगितलं, घरचाच माणूस तपासतो, आणि माझ्या सहीचा अहवाल पुढे केला. बाईंनी पाण्याचा विचार सोडला. अशक्तपणाची गोळी दिली आणि पाणी भरपूर पाजा म्हणाल्या.
मी अहवाल घडी घालून खिशात ठेवला. आमच्या गल्लीला कुठल्या बोअरचं पाणी येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. उद्या विचारतो.

४ एप्रिल
विचारलं नाही. भीती वाटते. बायको मोजून पाजते, दिवसाला आठ पेले.

९ एप्रिल
विचारलं. सातव्याचं.

१० एप्रिल
पहारेकरी सापडला, काठी टेकत आला. आता पाणी घरून आणतो, पूर्वी इथलंच प्यायचो म्हणाला. कारखान्यात लोखंडी भागांवरचं ग्रीस कसल्याशा औषधाने धुवायचे, उरलेलं मागच्या खड्ड्यात ओतायचे. वर्षानुवर्षं. खड्डा कधी भरलाच नाही. बोअर तिथून वीस पावलांवर.
बाटली भरली. पाणी स्वच्छ दिसतं. इतकं स्वच्छ —

११ एप्रिल
तीनदा तपासलं. आकडा यंत्रात मावत नाही. मामांनी बाटली बेसिनमध्ये ओतली, विसळली, उपडी ठेवली. फक्त एवढंच विचारलं, आधीच्या अहवालांवर सही कुणाची आहे.

१४ एप्रिल
बाहेरून कॅन आणतो. पाइपलाइनचं काम आहे असं घरात सांगितलं. खोटं. ठमी तोंड फिरवते, घरचं गोड पाणी हवं म्हणते.
तिला पाय नाहीत — आहेत, पण तिला कळत नाहीत. दुपारी अंगणात गेली. हातांवर. पाय मागे ओढत. बायको दारात उभी होती. माझ्याकडे बघितलं तिने, आणि मी —
उद्या सांगतो.

१६ एप्रिल
सांगितलं नाही. पेन बोटांत आहे की नाही, ते बघावं लागतं.

१७ एप्रिल
आज सांगायचंच. वही उघडी ठेवू का, वाचेल ती. नको, तोंडाने —
स्वयंपाकघरात नळाचा आवाज. ठमी रडत होती, गप्प झाली. बायको मोजतेय. चार. पाच.
हाक मारली. पाण्याच्या आवाजात ऐकू जात नाही. उठतो — पाय जमिनीला टेकलेत, दिसतायत मला. टेकलेत, पण —
सहा