भोकांवरचं लेबल

पांढुर्णा, मार्च १९८६, सोमवार संध्याकाळ

डोकं भणभणून राहिलं. कोल्ड स्टोरेजमधून आमची संत्री परत आली, निम्मी बुरशीनं हिरवी. तिथला माणूस म्हणे, खोक्याच्या मधली संत्री काढतानाही कोमटच होती. राहणारच! पुठ्ठ्याच्या नव्या खोक्यांना हवेसाठी भोकं होती, अन् यांनी प्रत्येक भोकावर मामंजींच्या नावाचं लेबल चिकटवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अहो, गार हवा आत कशी जाईन?"

"भोकं पाहून लोक हासतीन. बाबांचं नाव दिसलं पाहिजे."

दिसलं ना! सडक्या संत्र्यांवर.

आता हे म्हणतात, तिथली गार करायची मशीनच खराब होती. वर आत्ताच ओरडले, "खिडकी उघड, जीव घाबरून राहिला गर्मीनं."

"थांबा," म्हटलं, "आधी बाबांचं लेबल लावते तिच्यावर."

खिडकी अजून बंदच आहे.