टाकीमागची माती

३ मार्च
आलो एकदाचा! लोकांच्या बायका सासरी जातात; इथे नवराच दोन बॅगा आणि पुस्तकांचं खोकं घेऊन बायकोच्या दारात. बैठं घर, मागे मोकळी जागा, पाण्याची टाकी. हिची सात वर्षांची लेक टिकली दाराआडून बघत होती. मला काय म्हणायचं यावर बराच खल होऊन शेवटी ‘काका’ ठरलं. हिचा पहिला नवरा या दोघींना सोडून गेला तो फिरकलाच नाही. ही बोलत नाही. मीही खोदून विचारत नाही.

७ मार्च
टिकलीशी गट्टी जमली ती सापामुळे! सर्पमित्राने जखमी मांडुळाचं पिल्लू बरं होईपर्यंत सांभाळायला दिलंय. करंगळीएवढं, बिनविषारी, सदा मातीत तोंड खुपसलेलं. ही दोन दिवस बाहेरगावी, म्हणून आम्ही दोघांनीच काचपेटी सजवली. वर जाळीचं झाकण, एका कोपऱ्यावर उबेसाठी दिवा, दुसऱ्यात पाण्याची वाटी, मधे चपटा दगड. माती वीतभर तरी हवी. मी नर्सरीतून आणणार होतो, पण टिकली हट्टाला पेटली, टाकीमागचीच हवी. तिथली माती खरंच भुसभुशीत. मुळ्या तेवढ्या वेचल्या आणि घमेलं ओतलं. पिल्लू बघता बघता आत गडप. पोरगी पहिल्यांदा हसली.

८ मार्च
ही परत आली. पेटी बघून कौतुक केलं, मग माती कुठली विचारलं. सांगितल्यावर चेहरा पांढराफटक. म्हणाली, घाण माती ती, आजच फेका. मग स्वयंपाकघरात नळ सोडून नुसतीच उभी राहिली. पिल्लाची जखम उघडेल म्हणून मी माती बदलली नाही. पहिला रुसवा!

११ मार्च
पिल्लू बीळ करताना माती वर ढकलतं. आज वर शर्टाचं बटण आलं, दोऱ्यासकट. जुना कचरा असेल. हिने टाकीमागे फरशी घालायला गवंडी बोलावलाय. एवढी घाई कसली?

१२ मार्च, सकाळ
आज दात. माणसाचा. चांदीची टोपी चढवलेला.
टिकलीने काचेला नाक लावलं. म्हणाली, “बाबांचा आहे. हसले की चमकायचा.”
तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. “कुणाला सांगायचं नाही, असं आई म्हणाली. पण काका, तुम्ही स्वतःच बघितलंत ना?”

दुपार
पोलिसांकडे जायचं, टिकलीला घेऊन. ही कामावर आहे. माझा फोन सापडत नाही. घरात कुठेच नाही. बाहेरच्या दाराला बाहेरून कुलूप—

ही आली. गवंड्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाली, फरशी राहू द्या, आधी खड्डा मोठा करायचाय.

आम्ही आतल्या खोलीत. कडी लावलीय. बाहेर काचपेटी फुटली. त्यातली माती उपसतेय ती. ओरडून घसा बसला माझा, कुणी येत नाही.

दाराशी आली. विचारते, मातीत काय सापडलं. आवाज अगदी गोड. टिकलीच्या तोंडावर माझा हात—

खिडकीचे गज. मी मावत नाही. पोरगी मावेल. दात तिच्या मुठीत दिला. शेजारच्या बाईंकडे पळ म्हटलं. मागे वळून बघू नकोस—

गेली. उतरली खाली.

दाराशी आता काहीच आवाज नाही. का नाही?

खिडकीखालून— हिचा आवाज—
“ये बाळा, ये. मूठ उघड बघू—”

टिकली, पळ, प