जांभळाचे एकवीस दिवस

११ जून २००६, रविवार

वाइन करायच्या, माझ्या हाताने केलेल्या वस्तू आज पालीहून रिक्षात घालून घरी आणल्या. रस काढायचा सागवानी फळ्यांचा दाबा — जीपच्या जॅकवर चालतो. सलाइनच्या नळीची बुडबुडी — बरणीतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. काचेच्या नळीत छर्रे भरून केलेला, रसाची गोडी मोजायचा काटा. बूच ठोकायचा खटका. कुठल्या कोर्सला गेलो नाही, पुस्तकही इंग्रजी, तेही अर्धंच कळलेलं. भांड्यांच्या कारखान्यातला फिटर मी!

नऊ वर्षं हे सगळं तिथल्या कोळीवाड्यात फिलूबायच्या पडवीत होतं. फेब्रुवारीत म्हातारी गेली. आता सून पडवी पाडून खोली काढतेय. अंबिका म्हणाली, "एकच बरणी. आणि माझ्या माहेरचं कुणी आलं की मोरीत ठेवायची!"

बारा किलो जांभळं आजच दाबली. देठ एकही नाही.

१३ जून

नाशिकच्या पंढरीनाथचा पुन्हा फोन. द्राक्षांची वाइन करतो, मोठा कारखाना आहे. माझी २००४ची जांभूळ कुणाकडे तरी प्यायला आणि हरखून गेला म्हणे. "साहेब, कृती विकत घेतो, लेबलवर तुमचं नाव छापतो. फक्त यंदाची एक बरणी दाखवा, म्हणजे कृती पक्की आहे हे कळेल." साहेब! बावीस वर्षांत कारखान्यात कुणी म्हटलं नाही.

दाखवतो की. एकवीस दिवस बुडबुडे, मग गाळायची. नऊ वर्षं वहीत तोच आकडा — एकवीस. एक दिवस इकडे-तिकडे नाही.

१६ जून

आज उगाच जुनी वही चाळली. १९९७ — पालीला बर्फ फोडायचं मशीन दुरुस्त करायला गेलो होतो. काम झाल्यावर फिलूबायने स्टीलच्या पेल्यात काळंभोर काहीतरी दिलं. "पी रे मिस्तरी, औषद हाय." तोवर वाइन म्हणजे दुकानातलं गोड लाल पाणी हीच समजूत. हिला आधी जांभळाचा तुरटपणा, मग मिठासारखं काही, मग घशात उरलेली ऊब. बाहेर बोंबील वाळत होते, त्या वासातही ती चव हलली नाही.

मग दर रविवारी भटकलो. तारोडीची आल्याची — धार चांगली, शेवट कडू. उत्तनची बिटाची — रंगावर जाऊ नये. करवंदाची एका घरात अप्रतिम, दुसऱ्यांदा गेलो तर संपलेली. सगळ्यांवर शेरे लिहिलेत. फिलूबायच्या पुढे मात्र शेरा नाही. नुसती एक रेघ ओढलीय.

पहिल्याच वर्षी तिच्याशी भांडलो होतो. ती बरणीत गहू टाकायची, मी चार बायकांसमोर म्हटलं, "गव्हाने गढूळ होते. हा अडाणीपणा." ती हसली. "तुजी तशी, माजी अशी." मग तिच्या पडवीत शेजारी शेजारी दोन बरण्या.

२० जून

नववा दिवस. बुडबुडे बंद.

२५ जून

अजून बंद. नळी बदलली, बरणी गोधडीत गुंडाळली. गोडीचा काटा अर्ध्यावरच अडकलाय. अंबिका म्हणते, "रुसलीय. पालीची सवय तिला." हसू आलं नाही.

२ जुलै, रविवार

बाटलीभर नमुना घेऊन पालीला गेलो. फिलूबायची सून सिसी सिमेंट कालवत होती. हात पुसून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"गहू न्हाय टाकला?"

"मी कधीच टाकत नाही."

तिने बाटलीला बूच लावलं. म्हणाली, "तुमी न्हाय टाकला. बाय टाकायची. तुमी रविवारी गेले का सोमवारी गव्हाची पुरचुंडी तुमच्या बरणीत. शनवारी काढायची, नवी करायची. तुमाला कळू द्यायचं न्हाय बोलली होती."

"का?"

"बोलायची, मिस्तरीला वाटू दे त्याचीच हाय."

बरणीच्या तोंडाला मी कारखान्यातली गाठ मारायचो, दोन वेढे आणि एक उलटा. मी कुणालाच शिकवलेली नव्हती. नऊ वर्षं दर रविवारी ती गाठ जशीच्या तशी सापडली. हाताला कधी शंका आली नाही!

निघताना सिसीने पुरचुंडी बांधायचे, जुन्या धोतराच्या फडक्याचे दोन चौकोन दिले. जांभळे डाग पडलेले. फिलूबायच्या कपाटात होते.

९ जुलै

पंढरीनाथला फोन केला. म्हटलं, कृती फिलूबायची, नाव तिचं छापा. तो म्हणाला, "साहेब, स्वतः शिकलेला फिटर, यावरच तर बाटली खपेल. नाव तुमचंच राहू द्या." नको म्हटलं. ऐंशी हजार देत होता.