न प्यायलेली दारू

मंगळवार, संध्याकाळ

यांना आज घरी आणलं. परवा रक्ताची उलटी झाली, तेव्हा वाटलं, संपलंच. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी रिंगा लावल्या, तेव्हा रक्त थांबलं. तीन आठवड्यांनी पुन्हा लावायच्या आहेत, नाहीतर शिरा परत फुटतील म्हणाले. लिव्हर जुन्या काविळीनं गेलंय. दारूला यांनी जन्मात हात लावला नाही.

तरी चुलत सासरे खाटेशी बसून म्हणाले, "आते तरी पेवानं सोडी दे, भाऊ."

"काका, ह्या पेतस नही," मी म्हटलं. ते नुसते हसले.

ते गेल्यावर हे भिंतीकडे बघत म्हणाले, "रिंगा लावाले माले परत लई जाऊ नको. लोके आखो तेच बोलतीन."

म्हणजे मरण चालेल? लोकांसाठी?

मी उठून दाराला कडी घातली. बाहेर कुणी विचारत होतं, "भाऊ कसा शे?"

उघडलं नाही.